बर्च स्ट्रीटवरचं शेवटचं धुराडं

अहंकाराला राहायला फारशी जागा लागत नाही. कुणाचा तो मिशीच्या पिळात राहतो, कुणाचा लेकीच्या मार्कांत, आणि एखाद्या परमार्थी माणसाचा तर थेट कपाळावरच्या बुक्क्यात मुक्कामाला असतो. हार्लन टॉस्ट्रुडचा अहंकार त्याच्या घराच्या धुराड्यात राहत होता. विटांचं, चौकोनी, पूर्वेला किंचित कललेलं धुराडं. सबंध ऑक्टोबर त्यातून काहीही बाहेर पडू द्यायचं नाही, हीच त्या अहंकाराची नित्यपूजा.

मिनेसोटातल्या एल्म लेक गावात थंडी सप्टेंबरातच दाराशी येऊन उभी राहते, पण म्हणून लगेच घर तापवायचं नसतं. तसा कुणी कायदा केलेला नाही. तळघरातला बॉयलर पेटवावा, पाणी तापावं, नळ्यांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत फिरावं आणि माणसाने मोजे काढून बसावं, याला देवाचीही हरकत नसावी. पण बॉयलर पेटला की धुराड्यातून पांढरी वाफ चढते आणि ती सगळ्या रस्त्याला दिसते. मग रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला कुणीतरी आपल्या कपात बघत म्हणतं,

"काल तुमच्याकडे जराशी वाफ दिसली."

"छे, पाव भाजत होते मी."

"हो का? बराच भाजला मग."

बस, इतकंच. एल्म लेकमध्ये याच्यापेक्षा मोठं भांडण कुणी करत नाही. पण ज्याला हे ऐकावं लागतं त्याला आठवडाभर अन्न गोड लागत नाही.

शाळेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखण्यात हयात घालवून हार्लन निवृत्त झाला होता. त्या नोकरीत त्याच्या नावाने कुणी कधी टाळी वाजवली नव्हती. पण बर्च स्ट्रीटवर सगळ्यात शेवटी पेटणारं धुराडं त्याचं, हे वर्षानुवर्षं ठरून गेलेलं होतं. लोक जाता-येता वर बघत आणि नुसती मान हलवत. ती हललेली मान हार्लन घरी आणून उशाशी ठेवून झोपत असे. अंगावर दोन स्वेटर, पायात लोकरीचे मोजे, आणि शेजारी बायको मार्लिस, जिच्या अंगावर तीन स्वेटर.

यंदा नोव्हेंबर उजाडला तेव्हा रस्त्यावर दोनच धुराडी गप्प होती. एक हार्लनचं आणि दुसरं बरोबर समोरच्या वेंडल ऑनेचं. वेंडल निवृत्त पोस्टमन. बायको गेलेली, मुलंबाळं नाहीत, आणि पाठीवर टपालाची पिशवी घेऊन आयुष्यभर बर्फ तुडवलेला. असा माणूस कशाला लवकर हार मानतोय! दोघं सकाळी आपापल्या दारात वर्तमानपत्र उचलायला येत, आधी समोरच्याच्या धुराड्याकडे बघत, मग एकमेकांकडे.

"गार आहे," वेंडल म्हणे.

"फार नाही," हार्लन म्हणे. आणि दोघांच्याही तोंडातून बोलताना वाफ निघे. ती मात्र मोजायची नसे.

अशात अ‍ॅरिझोनाहून सिग्नेचा फोन आला. सिग्ने त्यांची एकुलती एक मुलगी, नवरा राउलबरोबर तिकडेच राहणारी. पहिलं बाळ झालेलं, लूसिया नाव ठेवलेलं, आणि बाप्तिस्मा आईवडिलांच्याच चर्चमध्ये करायचा हट्ट. येत्या रविवारी समारंभ, शुक्रवारी संध्याकाळी सगळे येणार.

"बाबा, घर गरम असेल ना?"

"असणार म्हणजे काय!"

"नाही, तुझं गरम नको. माणसांचं गरम हवंय. राउलने आजवर बर्फ फक्त सरबतात बघितलाय. आणि बाळ एवढंसं आहे. जमणार नसेल तर मोकळं सांग, आम्ही हायवेवरच्या हॉटेलात उतरतो."

हार्लनने फोन ठेवला, तर मार्लिस पाठीमागेच उभी.

"हॉटेलात?" ती म्हणाली. "पहिली नात, आणि तिची या गावातली पहिली रात्र हॉटेलच्या बोळातल्या बर्फाच्या यंत्राशेजारी? हार्लन, ते पोर हॉटेलात झोपलं ना, तर मीही तिथेच झोपेन. आणि मग तू इथे तुझ्या धुराड्याला मिठी मारून बस."

मार्लिस सहसा इतकं बोलत नाही. वरच्या खोलीत तिने पाळणा मांडला होता, चादरी चारदा धुतल्या होत्या. तिचा जीव त्या पाळण्यात अडकला होता, हे हार्लनलाही दिसत होतं. तो काही वाईट माणूस नव्हता.

"अगं, पेटवणारच आहे मी. शुक्रवारी."

"आज पेटवून तर बघ! उन्हाळाभर बंद आहे. काही बिघडलं असेल तर निदान कळेल."

"आज पेटवलं तर वाफ दिसेल."

"दिसू दे की!"

हार्लनने तिला समजावून सांगितलं, म्हणजे त्याला तसं वाटलं. शुक्रवारी पेटवलं तर ते नातीसाठी. नातीसाठी पेटवलेला बॉयलर ही हार नव्हे, तो त्याग. रस्ता त्याला मान देईल. पण आज, मंगळवारी, नात अजून अ‍ॅरिझोनात उन्हात पडलेली असताना पेटवलं, तर ती निव्वळ थंडी वाजणं झाली. मार्लिसने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्या नजरेनेच एखादी खोली सहज तापली असती.

तेव्हा ठरलं असं, की पेटवणं सोडून बाकी सगळी तयारी करायची. पहिलं काम रेडिएटरांतली हवा काढायचं. उन्हाळाभर त्यात हवा साठते. पितळी किल्लीने एक इवलासा स्क्रू सैल करायचा, हवा फुस्स करून निघते, पाणी दिसलं की बंद. शहाण्या माणसाचं हे काम अर्ध्या तासाचं. पण हार्लनने किल्ली हातात घेतल्याची बातमी कशी कोण जाणे रस्त्यावर पसरली, आणि गुरुवारी सकाळी शेजारची ओपल हॉटडिश घेऊन आली. एल्म लेकमध्ये जन्म असो, मयत असो की नळदुरुस्ती, हॉटडिश येतेच: खाली खिमा, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे आणि मध्ये काय ते विचारायचं नाही.

"ठेवून घे गं."

"अगं नको, कशाला उगाच," मार्लिस म्हणाली.

"थोडीशीच आहे."

"नको नको, तुम्हालाच होईल."

"आता आणलीच आहे तर..."

"बरं मग, तू म्हणतेस तर."

हे असंच करायचं असतं. पहिल्या विचारण्याला नाही म्हणायचं, दुसऱ्यालाही नाही म्हणायचं, तिसऱ्याला हो म्हणायचं. पहिल्यालाच हो म्हणणारा माणूस बाहेरगावचा, आणि तिसऱ्यालाही नाही म्हणणारा आजारी. या गावात लग्नाच्या मागण्यादेखील तिसऱ्या खेपेलाच मान्य झालेल्या आहेत. मार्लिसची तर नक्कीच.

"वरच्या मजल्यापासून सुरू कर, हार्लन," ओपल म्हणाली.

तेवढ्यात समोरून वेंडल आला. तो नुसता बघायला आला होता. "खालून सुरू करतात," तो म्हणाला.

"हवा वर चढते, वेंडल."

"म्हणूनच खालून."

त्या दोघांचा वाद रंगात आला असताना हार्लनने, कुणालाच दुखवायला नको म्हणून, मधल्याच रेडिएटरला हात घातला. जेवणघरातल्या. किल्ली फिरवली, काही नाही. आणखी फिरवली, बारीक शीळ. आणखी जरा फिरवली, आणि स्क्रू सुटून घरंगळत कपाटाखाली गेला. मग त्या रेडिएटरने कित्येक वर्षांचं मनात साठवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. डांबरासारखं काळं पाणी, थेट हार्लनच्या चष्म्यावर, तिथून भिंतीवर, भिंतीवरच्या निळ्या फुलांच्या कागदावर. मार्लिस केकचं भांडं घेऊन धावली. हार्लनने भोकावर अंगठा दाबला, तेव्हा धार वेंडलच्या दिशेने वळली.

"मी म्हटलं होतं वरून," ओपल म्हणाली.

स्क्रू कपाटाखालून काढून पुन्हा बसवतात न बसवतात, तोच दार वाजलं. बाप्तिस्म्याच्या तयारीचं बोलायला पास्टर ग्रेचेन आल्या होत्या. दारात हार्लन, चेहरा काळाकुट्ट, चष्म्याच्या जागी फक्त दोन पांढरे गोल.

"हार्लन! सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम, पास्टर. या ना."

पास्टर आल्या, कोट न काढता बसल्या, गार खोलीत गरम कॉफी दोन्ही हातांनी धरून प्यायल्या. भिंतीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. फक्त जाताजाता म्हणाल्या, "बाप्तिस्म्याचं पाणी मी जरा कोमट करून ठेवते. लहान बाळ आहे." त्या भल्या बाईचा त्यात काही हेतू नव्हता. पण हार्लनला टोमणा बसायचा तो बसलाच.

शुक्रवार उजाडला. हार्लनने दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला. आज सोहळा होता. थर्मोस्टॅटसमोर तो असा उभा राहिला, जसा आरतीच्या आधी काडेपेटी हातात घेऊन घरातला कर्ता उभा राहतो. समोरच्या खिडकीत वेंडलचा पडदा हलला. हार्लनने मनात म्हटलं, बघ, नातीसाठी. आणि काटा फिरवला.

तळघरात धप्प झालं. मग नळ्या बोलू लागल्या. आधी एक ठोका स्वयंपाकघरात, त्याला उत्तर जिन्यात, मग वरच्या खोलीत. कीर्तनात बुवांनी चरण सोडावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी उचलावा, तसं सगळं घर ठणठणत होतं. मार्लिसचे डोळे भरून आले. रेडिएटरवर हात ठेवून ती म्हणाली, "येतंय गं बाई, येतंय."

हार्लन धावत अंगणात गेला आणि त्याने वर पाहिलं. वाफ नाही. डोळे चोळले. नाही. धुराडं जसंच्या तसं गप्प. आणि आत भिंतीवरची विषारी वायूची सूचना देणारी डबी किंचाळू लागली.

खिडक्या सताड उघडून, बॉयलर बंद करून, दोघं कुडकुडत अंगणातल्या पायरीवर बसली. गॅस कंपनीचा माणूस आला. सभ्य होता, घाईत होता, आणि गणवेशाच्या आत त्याने भडक नारिंगी बंडी घातलेली दिसत होती. त्याने तळघरात जाऊन धुराड्याच्या तळाचं झाकण उघडलं. आधी पानं पडली. मग ओकची फळं, परडीभर. मग मार्लिसचा एक हरवलेला मोजा. वरून कुणीतरी अत्यंत चिडून चकचक केलं.

"खार आहे," तो म्हणाला. "धुराड्यात घर केलंय. वायूला बाहेर पडायला वाटच नाही."

"पण आमच्याच धुराड्यात का?"

"त्या गार धुराडं शोधतात. एरवी आतापर्यंत सगळ्यांची तापलेली असतात. तुमचं गार राहिलं असणार."

"गारच होतं," मार्लिस म्हणाली. तिने हार्लनकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं.

त्या माणसाने बॉयलरला एक लाल पट्टी बांधली. धुराडं साफ करणाऱ्याने ते साफ करायचं, मग नगरपालिकेच्या निरीक्षकाने तपासायचं, मग ही पट्टी निघणार. तोवर हात लावायचा नाही.

"आज होईल ना?" हार्लनने विचारलं.

तो माणूस पहिल्यांदाच हसला. "उद्या हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतोय, साहेब."

आणि हार्लनच्या पायांखालची पायरी सरकली. नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी एल्म लेकमधला प्रत्येक धडधाकट माणूस नारिंगी टोपी घालून जंगलात मचाणावर बसलेला असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ठाऊक होतं. पण वाफेच्या हिशेबात तो इतका गुंतला होता, की हरणं त्याच्या ध्यानातच आली नव्हती. बसगाड्यांच्या वेळा आखणाऱ्या माणसाने स्वतःच्या आयुष्याची बस अशी चुकवावी!

त्याने धुराडेवाल्याला फोन लावला. ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला: "आम्ही जंगलात आहोत. फारच निकड असेल तर... आम्ही जंगलातच आहोत." दुसऱ्याला लावला. त्याच्या ध्वनिमुद्रणात मागे कुत्री भुंकत होती. मग नगरपालिका.

"निरीक्षक मंगळवारी भेटतील," तिथली बाई म्हणाली.

"बाई, माझ्याकडे आज बाळ येतंय."

"अरे वा, अभिनंदन!"

"दुसरे कुणी निरीक्षक नाहीत का?"

"आहेत ना, उपनिरीक्षक."

"ते कुठे भेटतील?"

"दोघं एकाच मचाणावर असतात." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "तुम्ही ऑक्टोबरात का नाही हो फोन केला? ऑक्टोबरभर दोघं इथे नुसते बसून असतात. या गावात ऑक्टोबरात कुणी काही पेटवतच नाही."

हार्लनने फोन अगदी हळू ठेवला.

दुपारपर्यंत बातमी रस्ताभर झाली, आणि आता बर्च स्ट्रीटची माया उघडी पडली. टोमणे मारतील म्हणून हार्लन दार लावून बसला होता, पण जो तो आपल्या घरचा विजेचा हीटर काखेत मारून आला. ओपलचा गुलाबी, न्हाणीघरातला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या बहिणींचा, गुरगुरणारा. पास्टर ग्रेचेननी चर्चच्या कपड्यांच्या खोलीतला पाठवला. प्रत्येकाबरोबर एकेक सल्ला फुकट. ओव्हन लावून दार उघडं ठेव. मुळीच ठेवू नको, माझा मेव्हणा तसा गेला. बाळाला कोंबडीसारखं दिव्याखाली ठेवा. बाळाला काही होत नाही, आम्ही बर्फातच वाढलो.

"आणि बघा कसे झालो," मार्लिस पुटपुटली.

एक हीटर लावला, मग दुसरा. तिसरा लावताना दिवे जरा मंदावले. चौथा म्हाताऱ्या बहिणींचा. तो लावायला नको होता, पण त्यांना वाईट वाटलं असतं. तळघरात फ्यूज उडाला आणि आता घरात ऊब नव्हती, उजेड नव्हता, कॉफीही नव्हती. फ्यूज घरात एकच होता आणि हार्डवेअरच्या दुकानावर पाटी होती, 'जंगलात'.

शेजारी एकेक करून हीटर परत काखेत मारून गेले. वेंडल मात्र दारात टोपी फिरवत उभा राहिला. त्याने भिंतीवरच्या काळ्या डागाकडे पाहिलं, पाळण्यासाठी खाली आणून ठेवलेल्या चादरीकडे पाहिलं.

"माझ्याकडे उतरा सगळे," तो म्हणाला.

"छे छे, तुला कशाला त्रास," हार्लन म्हणाला. हे रीतसर होतं.

"वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत."

आणि इथे हार्लनची जीभ घसरली. नाही म्हणायचं होतं, पण हलकं, दार किलकिलं ठेवून म्हणायचं होतं. पण सकाळपासूनची खार, मोजा, लाल पट्टी, मचाण, सगळं त्याच्या घशाशी आलं होतं. वेंडलकडे उतरायचं म्हणजे वेंडलने बॉयलर पेटवायचा. आणि आपल्यासाठी त्याने हार पत्करायची, हे हार्लनच्या मानी मनाला सोसेना. "नको! खरंच नको, वेंडल. आमचं आम्ही बघतो. तू यात पडू नको."

वेंडल आपल्या बुटांकडे बघत राहिला. "बरं तर," म्हणाला आणि गेला.

दार लागलं. मार्लिस खुर्चीत बसली.

"तो तिसऱ्यांदा विचारणार होता, हार्लन."

"मला माहीत आहे."

"दुसऱ्या नाहीला एवढा जोर कशाला लावलास? आता तो कसा विचारेल? तू दारच लावून घेतलंस."

"जाऊ का मी? मीच विचारतो त्याला."

"आपण विचारायचं? आपण होऊन?" मार्लिस क्षणभर खरोखर भांबावली. असं या रस्त्यावर कधी झालंच नव्हतं. मग ती खाली मान घालून चादरीच्या घड्या घालू लागली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालू लागली. हार्लनने तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्याचा सगळा ताठा गळाला. जो माणूस बायकोला तीन स्वेटरांत बसवून स्वतःचं कौतुक ऐकत होता, त्याला ते हात अखेर दिसले. त्याने कोट घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. सिग्ने. "बाबा, तासाभरात पोहोचतो. राउल आताच टोपीवर टोपी घालून बसलाय. घर गरम आहे ना?"

हार्लन खिडकीपाशी गेला. हॉटेल हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला होता.

"बाबा? ऐकतोयस ना?"

समोर, वेंडल ऑनेच्या धुराड्यातून एक पांढरा धागा निघाला. आधी चाचपडत, मग सरळ, मग चांगला जाडजूड; भर दिवसाउजेडी, सगळ्या रस्त्याच्या डोळ्यांदेखत. वेंडल तिसऱ्यांदा विचारत होता. तोंडाने विचारायची सोय हार्लनने ठेवली नव्हती, म्हणून धुराड्याने विचारत होता.

"गरम आहे," हार्लनचा आवाज चिरकला. "घर गरम आहे, सिग्ने."

"खरंच? आपलं?"

"समोरचं," हार्लन म्हणाला. "पण या तुम्ही."

बाहेर पडदे हलत होते. ओपल तर स्वयंपाकाच्या एप्रनवरच रस्त्यात आली. "अगं बाई, वेंडलने पेटवलं! हार्लन, तू जिंकलास रे!" हार्लन पाळणा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होता. आयुष्यभर ज्या वाक्याची वाट पाहिली ते असं पाळण्याखाली ऐकू यावं, आणि त्याला दाखवायला चेहराही मोकळा असू नये!

वेंडलने दार उघडलं. हार्लन म्हणाला, "बरं मग, तू म्हणतोस तर." वेंडलने पाळण्याचं दुसरं टोक धरलं.

वरची खोली वेंडलची बायको इनेझ गेल्यापासून बंद होती. तिथला रेडिएटर तापेना. हवा साठलेली. हार्लनने खिशातून किल्ली काढली आणि या खेपेला स्क्रू इतका हळू फिरवला, की त्याचाच श्वास आधी निघाला. फुस्स झालं, बराच वेळ झालं, आणि मग शेवटी एक काळी पिचकारी भिंतीवर उडालीच. पिवळ्या, स्वच्छ भिंतीवर.

"वेंडल, मी... मी पुसतो, मी रंग लावून देतो..."

वेंडल त्या डागाकडे बघत राहिला. "राहू दे," तो म्हणाला. "इनेझ गेल्यापासून या घरात कुणी काही सांडलेलंच नाही."

संध्याकाळी लूसिया आली. इतक्या कपड्यांत गुंडाळलेली, की आत बाळ आहे यावर विश्वास ठेवावा लागला. पाळण्यात ठेवल्यावर तिने एकदा जांभई दिली आणि झोपी गेली. राउल रेडिएटरला पाठ लावून बसला तो जेवणाला हाक मारेपर्यंत उठला नाही. आणि मार्लिसने एक स्वेटर काढला. मग दुसरा. मग तिसरा काढून घडी घालून खुर्चीवर ठेवला, आणि अर्ध्या बाह्यांत नातीजवळ बसून राहिली. हार्लनला तिचे कोपर सप्टेंबरनंतर प्रथमच दिसत होते.

रविवारी बाप्तिस्मा झाला. पाणी कोमट होतं, लूसिया रडली नाही. सगळं मंगल झालं. मग चर्चच्या तळघरात कॉफी. तिथे जे व्हायचं ते झालं.

"काय वेंडल," कुणीतरी कपात बघत म्हणालं, "शुक्रवारी जराशी वाफ दिसली."

"गुडघे बोलू लागले वाटतं," आणखी कुणीतरी म्हणालं.

"हो," वेंडल म्हणाला. "वय झालं आता."

एवढंच. बाळाचं नाव नाही, हार्लनचं नाव नाही. आणि तिकडे लोक हार्लनचा हात हातात घेऊन नुसती मान हलवत होते. हार्लनने कप खाली ठेवला. तो मोठ्याने बोलला, आणि त्या तळघरात मोठ्याने फक्त स्तोत्रं म्हणतात.

"वेंडलने माझ्या नातीसाठी पेटवलं. आणि त्याच्या आधी, त्याच सकाळी, मी पेटवलं होतं. वाफ दिसली नाही, कारण वर खार बसली होती. मी हरलो. आणि हरलो नसतो तरी हरलोच होतो."

कुठे बघावं कुणाला कळेना. एवढं सरळ बोलणं त्या तळघराने कधी ऐकलं नव्हतं. अखेर ओपल पुढे आली. "पण तुझी वाफ कुणाला दिसली नाही ना? म्हणजे नाही पेटलं," असं म्हणत तिने हार्लनला केकचा तुकडा दिला, त्याने पहिल्याच विचारण्याला घेतला, आणि माणूस बराच हलला आहे हे सगळ्यांनी ओळखलं. वेंडल लांब उभा राहून मान खाली घालून हसत होता. त्याचे कान लाल झाले होते.

मंगळवारी जंगल रिकामं झालं. धुराडेवाला दाढी वाढवून, गाडीच्या मागे हरीण टाकूनच आला. धुराडं झाडलं गेलं. खारीने आपलं बिऱ्हाड समोरच्या झाडावर हलवलं आणि तिथून दिवसभर हार्लनला नावं ठेवली. निरीक्षक येऊन गेले, उपनिरीक्षक येऊन गेले, फ्यूज आला, लाल पट्टी सुटली. हार्लनने काटा फिरवला. नळ्यांनी ताल धरला, वाफ डौलात वर चढली, आणि बघता बघता घर इतकं उबदार झालं की खिडकीच्या काचा घामेजल्या.

तो धावतच समोर गेला, सगळ्यांना घेऊन यायला. दारातच मार्लिसने ओठांवर बोट ठेवलं. "श्श. आत्ताच झोपलीय. उद्या येऊ." आत राउल वेंडलला तव्यावर पोळ्या फुगवायला शिकवत होता, आणि सिग्ने सोफ्यावर पाय वर घेऊन आडवी झाली होती.

हार्लन घरी परतला. बसला. उठून दुसऱ्या खुर्चीत बसला. ऊब चहूकडून येत होती. सांगायला मात्र कुणी नव्हतं. एक रेडिएटर ठणकला, त्याला जिन्यातल्याने उत्तर दिलं, आणि पुढे काही कुणाला सुचेना. इतकं गरम आणि इतकं रिकामं घर त्याने कधी पाहिलं नव्हतं. थोडा वेळ त्याने धीर धरला. मग काटा खाली आणला, कोट चढवला आणि रस्ता ओलांडून वेंडलच्या दारात जाऊन उभा राहिला. दार उघडलं, पण आत जावं की नको, पुन्हा एकदा कुणी विचारावं की नको, या विचारात तो उंबऱ्यावरच घुटमळला.

"अरे, आत ये आणि दार लाव आधी," आतून वेंडल ओरडला. "मी काय अख्खं मिनेसोटा तापवायला बसलोय?"